पाठ टाचणात लपलेले मेंदूचे गैरसमज: बी.एड. आणि डी.एल.एड.वाल्यांनी ते शोधायचे कसे, काढायचे कसे

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळ पट्ट्यात बी.एड. करणाऱ्या कुणाचंही लेसनचं जर्नल उघडा, दहा पानांत एकदा तरी ‘विद्यार्थ्यांच्या अध्ययन शैलीनुसार दृक, श्राव्य व कृती गट’ असं वाक्य सापडणारच, म्हणजे कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी करून, आणि ज्याला त्याला तसंच शिकवायचं असा समज. ते कुणी विचार करून लिहिलेलं नसतं, सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेलं असतं, सीनियरने त्याच्या सीनियरच्या, आणि सगळ्यांचं मूळ स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळणाऱ्या गाईडमध्ये असतं. म्हणून सुरुवातीलाच सांगते, मेंदूविषयीचे गैरसमज काढायचे म्हणजे वर्गात एक लेक्चर देऊन ‘हे चूक, ते बरोबर’ सांगायचं, असं केलं तर फार काही होत नाही, सगळे माना डोलावतात आणि पुढच्या सोमवारी ऐरोलीच्या शाळेत लेसन लागला की परत तेच तीन गट. गैरसमज टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात राहतो, तर तो तिथूनच काढायला लागतो. खाली जे लिहिलंय ते प्रशिक्षणार्थींनी एकेकट्याने केलं तरी चालेल, पण मेथडच्या (अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या) सर-मॅडमनी पूर्ण बॅचकडून करून घेतलं तर जास्त बरं.

पायरी १: आधी बघा तुम्ही स्वतः काय मानता

खालची बारा वाक्यं कागदावर घ्या आणि प्रत्येकासमोर बरोबर, चूक किंवा माहीत नाही लिहा, आणि बाजूला किती खात्री आहे ते १ ते ५ मध्ये. खात्रीचा आकडा गाळू नका, पुढे तोच कामाला येतो. मोबाईल बाजूला ठेवून करा.

१. मुलाच्या अध्ययन शैलीप्रमाणे शिकवलं की ते जास्त शिकतं.
२. झोप कमी झाली की दिवसभर शिकलेलं टिकायला अडचण येते.
३. काही मुलं डाव्या मेंदूची म्हणजे गणिती आणि काही उजव्या मेंदूची म्हणजे कलाकार असतात.
४. आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो.
५. नवीन काही शिकलं की मेंदूतल्या पेशींमधल्या जोडण्या बदलतात.
६. पहिल्या तीन वर्षांत जे झालं नाही ते पुढे भरून निघत नाही.
७. घरची भाषा पक्की होईपर्यंत मुलाला दुसरी भाषा शिकवू नये.
८. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावण्यासारख्या व्यायामांनी मेंदूच्या दोन्ही बाजू जोडल्या जातात आणि वाचन सुधारतं.
९. आधीच्या माहितीशी जोडलेली गोष्ट जास्त लक्षात राहते.
१०. गोड खाल्लं की मुलं दंगा करतात.
११. निरोगी माणसात मेंदूच्या दोन्ही बाजू सतत एकमेकींशी संपर्कात असतात.
१२. चाचणीने फक्त किती आलं ते मोजलं जातं, तिच्यामुळे शिकणं होत नाही.

यातली २, ५, ९ आणि ११ बरोबर आहेत, बाकी आठ चूक. आठपैकी चार-पाच तुम्ही बरोबर म्हणून टाकली असतील तर लाजायचं काही कारण नाही. २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांना असंच विचारलं होतं, आणि त्यांनी सरासरी जवळपास निम्मे गैरसमज खरे मानले, अध्ययन शैलीवालं तर ब्रिटनमध्ये ९३ टक्के आणि नेदरलँड्समध्ये ९६ टक्के शिक्षकांनी. त्यात अजून एक गंमत निघाली, ज्यांना मेंदूबद्दल सामान्य माहिती जास्त होती त्यांनी गैरसमजही जास्त मानले. म्हणजे ‘मी याबद्दल बरंच वाचलंय’ हे काही संरक्षण नाही, कारण आवडीने वाचणारा माणूस बरं आणि वाईट दोन्ही वाचतो. अमेरिकेत २०१७ च्या अभ्यासात साधारण हेच दिसलं, सामान्य लोकांनी ६८ टक्के गैरसमज खरे धरले, शिक्षकांनी ५६, आणि ज्यांनी मेंदूविज्ञानाचे बरेच कोर्स केले होते त्यांनीसुद्धा ४६.

आता खात्रीचा आकडा बघा. जिथे तुम्ही चुकलात आणि खात्री ४ किंवा ५ दिलीत ती वाक्यं लाल पेनाने गोल करा. तुमचं काम तिथे आहे. ‘माहीत नाही’ लिहिलेली वाक्यं सोपी असतात, एकदा वाचलं की झालं.

पायरी २: प्रत्येक गोल केलेल्या वाक्याचं मूळ शोधा

नुसतं ‘हे चूक आहे’ कळून समज जात नाही. तो आला कुठून ते कळलं की जातो, निदान ढिला तरी होतो. आणि बहुतेक वेळा मुळात एक खरी गोष्टच असते, ती ताणून ताणून वेडीवाकडी केलेली.

डावा-उजवा मेंदू घ्या. अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापला जायचा, त्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी प्रयोग केले आणि दाखवलं की दोन बाजूंची कामं काही बाबतींत वेगळी आहेत, उदाहरणार्थ बोलण्याचं काम बहुतेकांमध्ये डाव्या बाजूला जास्त. हे खरंय. पण ते ज्यांचा जोडपट्टा कापलेला आहे अशांवर दिसलं, आणि तुमच्या सातवी ब मधल्या कुणाचा तो कापलेला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठाने हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा काही काही कामं एका बाजूला जास्त होतात हे दिसलं पण ‘हा माणूस डाव्या मेंदूचा’ असा प्रकार काही दिसला नाही. गणित करताना दोन्ही बाजू लागतात, चित्र काढतानाही.

आणि स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं त्याच वर्षी त्याच नोबेलचा दुसरा अर्धा भाग ह्यूबेल आणि वीझल यांना मिळाला, डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदू कशी हाताळतो त्या शोधांबद्दल. मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीच्या काळात बंद ठेवला तर नंतर उघडूनही त्या डोळ्याने नीट दिसत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. तेही खरंच. त्यातून मात्र ‘तीन वर्षांपर्यंतच काय ते, नंतर खिडकी बंद’ हा समज निघाला आणि त्यावर आज घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत प्रीस्कूलची बॅनरं लागतात. दृष्टीसारख्या मूलभूत गोष्टीसाठी एक काळ नाजूक असतो, आणि म्हणून लहान मुलाचा तिरळेपणा किंवा मोतीबिंदू लवकर बघायला हवा, हा त्याचा खरा उपयोग. वाचन, गणित, इतिहास यांना असा दरवाजा नसतो. एकाच वर्षाच्या नोबेलमधून दोन गैरसमज निघाले, मला तरी हे भारी वाटतं, कारण यात शास्त्रज्ञांची काहीच चूक नाही, मधल्या लोकांनी केलंय सगळं.

१० टक्क्यांचं थोडक्यात: मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के आणि तो खर्च करतो शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा. ९० टक्के भाग रिकामा बसला असता तर शरीराने इतका खर्च कशाला सोसला असता. शिवाय पक्षाघातात मेंदूचा छोटा भाग गेला तरी काय होतं ते बहुतेकांनी घरात कुणाच्या तरी बाबतीत पाहिलेलं असतं.

‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हा त्रिकोण तर प्रत्येक शैक्षणिक साधनांच्या चार्टवर असतोच. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू (खाली प्रत्यक्ष अनुभव, वर नुसते शब्द) मांडला, त्यात टक्केवारी नव्हतीच. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. आणि सगळे आकडे दहाच्याच पटीत, यावरूनच शंका यायला हवी होती, खऱ्या मोजमापात असं कधी येतं का. ज्या जर्नलमध्ये हा चार्ट आहे त्यातून आकडे खोडा, शंकू ठेवायचा तर ठेवा.

गार्डनर यांचं जरा वेगळं आहे. १९८३ मध्ये या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बहुविध बुद्धिमत्ता मांडली, म्हणजे बुद्धी एकच नसून भाषिक, गणिती, संगीत अशा अनेक असतात, तिच्यावर मानसशास्त्रज्ञांमध्ये वाद आहेत ते असू देत, पण ती म्हणजे अध्ययन शैली नव्हे आणि हे खुद्द गार्डनर यांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. आपल्याकडच्या नोट्समध्ये मात्र दोन्हीची खिचडी असते, ‘संगीत बुद्धिमत्तेच्या मुलांना गाण्यातून अपूर्णांक’ वगैरे.

साखरेचं: कुणाला काय दिलं ते आईवडिलांना न सांगता काही मुलांना साखर आणि काहींना साखरेसारखं गोड दुसरं काही देऊन बरेच प्रयोग झाले, १९९५ मध्ये अशा २३ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा वागण्यात फरक सापडला नाही. वाढदिवसाच्या दिवशी मुलं दंगा करतात ती वाढदिवस असतो म्हणून. दातांसाठी साखर कमी द्या, तो मुद्दा वेगळा.

सातव्या, म्हणजे दुसऱ्या भाषेच्या वाक्याला इकडे फार पाय फुटलेत. कोपरखैरणे किंवा दिवा इथल्या शाळेत घरी मराठी, खाली सोसायटीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आजीकडे आगरी किंवा मालवणी असं मूल अगदी सर्रास सापडतं. त्याच्या मेंदूत एका भाषेने दुसरीची जागा खाल्ली असं काही होत नाही. मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळतं म्हणून गोंधळलंय असं समजू नका, तुम्ही स्टाफरूममध्ये तेच करता.

पायरी ३: ‘पुरावा कसा असायला हवा’ हे आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण सोडतात. अध्ययन शैली खरी असती तर काय दिसायला हवं होतं? मुलांचे शैलीप्रमाणे गट करा, मग प्रत्येक गटातल्या अर्ध्यांना चित्राने शिकवा, अर्ध्यांना ऐकवून, चिठ्ठ्या टाकून वाटणी, शेवटी सगळ्यांना एकच चाचणी. दृक मुलं चित्राने पुढे आणि श्राव्य मुलं ऐकून पुढे, असं उलटसुलट निघालं तरच सिद्ध. २००८ मध्ये पॅशलर आणि तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी अशा प्रयोगांचा शोध घेतला तर असे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले चांगले होते ते दाव्याच्या विरुद्धच. ‘मुलांना मजा आली’, ‘मुलांना आवडलं’ हा पुरावा नाही. आवड असते हे कुणीच नाकारत नाही, आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं का एवढाच प्रश्न आहे.

बॅचमध्ये करून बघायला सोपं आहे. सगळ्यांना आधी स्वतःची शैली लिहायला सांगा. मग ठाणे स्टेशनहून तलावपाळीमार्गे एखाद्या आतल्या गल्लीत जायचा रस्ता एकदा तोंडी सांगा आणि आठवेल तसा लिहायला लावा, मग दुसरा तेवढाच गुंतागुंतीचा रस्ता नकाशावर दाखवा. नकाशाने स्वतःला ‘श्राव्य’ म्हणवणारेही सुधारतात. आता उलट करा, ‘चाक’ आणि ‘चार’ मधल्या च चा फरक अमराठी मुलाला फक्त फळ्यावर लिहून शिकवा बघू. नाही येणार, कितीही दृक मूल असो, कानाने ऐकावंच लागतं. माध्यम ठरतं ते विषयावरून. मुलाच्या कपाळावरच्या लेबलवरून नाही. दोन्ही उदाहरणं वर्गात केली की वाद बराच कमी होतो. हा प्रयोग नव्हे, नुसतं प्रात्यक्षिक आहे, तेवढं बॅचला सांगा.

एक सावधगिरी पण. कुठल्याही स्पष्टीकरणात ‘मेंदूच्या अमुक भागामुळे’ असं घुसडलं की ते लोकांना जास्त पटतं, जरी त्या भागाचा मुद्द्याशी काही संबंध नसला तरी. हे २००८ पासून प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून वर्कशॉपमध्ये रंगीत मेंदूची स्लाईड आली की मनातल्या मनात ते वाक्य मेंदू काढून वाचायचं. ‘उजळणी केल्याने मेंदूची जोडणी पक्की होते’ मधून मेंदू काढला तर ‘उजळणी केल्याने लक्षात राहतं’ उरतं, ठीक आहे. ‘या टाळ्यांनी मेंदूचे दोन्ही गोलार्ध संतुलित होतात’ मधून काढला तर काय उरतं? टाळ्या. ब्रेन जिमचं, म्हणजे आठव्या वाक्यातल्या व्यायामांचं, तसंच आहे, मुलांना उभं करा, हलवा, तरतरी येते, नियमित व्यायाम चांगलाच, पण त्याने वाचन सुधारेल असं टाचणाच्या उद्दिष्टात लिहू नका.

पायरी ४: टाचण उघडा आणि प्रत्यक्ष बदला

सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ घेऊ. नेहमीचं टाचण असं असतं: दृक गटाला चार्ट, श्राव्य गटाला भरतीवरचं गाणं, कृती गटाला चंद्र-पृथ्वी बनून फिरणं. निरीक्षकांना आवडतं, रंगीत दिसतं. पण गाणंवाल्या गटाला चंद्राच्या ओढीची आकृतीच दिसली नाही, आणि ती नसेल तर पाठ कळायचा कसा.

नवीन टाचण. पहिली पाच मिनिटं वही-पुस्तक बंद, मागच्या ‘सूर्य, चंद्र व पृथ्वी’ पाठातले चार प्रश्न, प्रत्येकाने स्वतः लिहायचं, हात वर करणाऱ्या दोघांनाच विचारायचं नाही. मग सगळ्यांना एकच आकृती, तुम्ही फळ्यावर काढत काढत बोलायचं, म्हणजे डोळे आणि कान एकत्र. मग हालचाल, तीही सगळ्यांना दाखवायची, कारण फिरणं हे त्या विषयातच आहे. मग खाडी. ठाणे खाडी मुलांच्या माहितीतली आहे, ऐरोली पुलावरून जाता-येता दिसते, फ्लेमिंगो येतात, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. मुलांना विचारा, आज दुपारी १२ वाजता भरती असेल तर ओहोटीला चिखल कधी दिसेल आणि उद्याची दुपारची भरती किती वाजता? दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे सहा-साडेसहा तासांनी ओहोटी आणि उद्या सुमारे ५० मिनिटं उशीर. हे त्यांनी काढायचं, तुम्ही नाही सांगायचं. शेवटची पाच मिनिटं वही बंद करून आकृती आठवून काढायची, मग उघडून लाल पेनाने स्वतःच दुरुस्त. आणि पुढच्या आठवड्यात दुसराच पाठ चालू असताना यातले दोन प्रश्न मध्येच.

टाचणाच्या छापील फॉरमॅटमध्ये ‘अध्ययन शैली’ असा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका, मार्क जातील. तिथे लिहा ‘आशयानुसार आकृती व कृती, सर्व विद्यार्थ्यांसाठी’.

मेथडच्या मॅडम नाराज होतील अशी भीती असते, आणि ती खोटी नाही. पाठ झाल्यावर चर्चेत वाद घालू नका, लेसनच्या आधी टाचण दाखवताना विचारा: “मॅडम, यात तीन गटांऐवजी सगळ्यांना आकृती देऊन शेवटी आठवून काढायला लावलं तर चालेल का? नंतरच्या चाचणीचे मार्क तुम्हाला आणून दाखवते.” ‘तुमचं चूक आहे’ कुठेही नाही, आणि मार्क बघायला कुणी नको म्हणत नाही.

पायरी ५: इंटर्नशिपमध्ये एक छोटा प्रयोग

बारावं, म्हणजे चाचणीने शिकणं होत नाही हे वाक्य सगळ्यात जास्त कामाचं आहे म्हणून त्याचाच करा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला, काहींनी तो परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे थोडे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तर उलटं, वाचणारे ४२ आणि आठवून लिहिणारे ५६. परत वाचल्यावर ‘आलं मला’ असं वाटतं, आणि तेच फसवतं.

तुमच्या वर्गात: मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांची परवानगी घ्या. एक पानाचा उतारा सगळ्यांनी वाचायचा, मग चिठ्ठ्यांनी पडलेले अर्धे परत वाचतील, अर्धे पुस्तक मिटून लिहितील, वेळ दोघांना सारखीच. आठवड्याने दहा प्रश्न, आधी न सांगता. पुढच्या उताऱ्याला गट बदला म्हणजे कुणाचं नुकसान नको. मागचे बाक विरुद्ध पुढचे बाक असे गट करू नका, हे सांगावं लागतं कारण सगळे तेच करतात. पस्तीस-चाळीस मुलांत फरक दिसेल किंवा नाही दिसणार, गैरहजेरी, पाऊस, मॅच काहीही मध्ये येतं. नाही दिसला तर जर्नलमध्ये तसंच लिहा, आकडे वळवू नका.

पायरी ६: पालक, क्लासेस आणि परीक्षा

शाळेत रुजू झालात की पालक विचारणार, ‘मॅडम, बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी कळते ती टेस्ट करू का?’ बोटांचे ठसे गर्भातच तयार होतात आणि त्यांवरून मुलाला गणित येईल की गाणं हे सांगता येत नाही. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’, म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणं, तेही तसंच, नाकाच्या बाजूच्या फटीतून दिसतं, आणि अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) त्याला जाहीर आव्हान दिलेलं आहे. मध्यमेंदू सगळ्यांचा चोवीस तास चालूच असतो, डोळ्यांची हालचाल त्याच्याकडे असते, त्याला कुणी स्विच लावायची गरज नाही. पालकांना मात्र ‘तुम्ही फसलात’ म्हणू नका, पैसे भरलेले असतील तर ते अजून घट्ट धरून बसतात. ‘ते पैसे राहू द्या, रोज रात्री दहा मिनिटं आज काय शिकला ते पुस्तक न बघता सांगायला लावा’ एवढं म्हणा.

अक्षरं उलटी लिहिणारं पहिलीतलं प्रत्येक मूल डिस्लेक्सिक नसतं, त्या वयात ते नेहमीचं आहे. दुसरी-तिसरीनंतरही आवाज आणि अक्षर यांची सांगड बसत नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या तपासणीकडे पाठवा, घरच्या घरी नाव देऊ नका.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं सांगायला हवं, कारण पोटापाण्याचा प्रश्न आहे. १५० पैकी ३० मार्क बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला आहेत, आणि तिथे किंवा विद्यापीठाच्या पेपरात अध्ययन शैलीवर प्रश्न आला तर उत्तरपत्रिकेत क्रांती करायची नाही. पर्याय असतील तर अपेक्षित पर्याय निवडा. लिहायचं असेल तर ‘अमुक यांच्या मते’ असं लिहून सिद्धांत मांडा आणि शेवटी दोन ओळींत ‘शैलीनुसार अध्यापनाने संपादन वाढते याला पुरेसा प्रायोगिक पुरावा नाही’ टाका. चांगला तपासनीस त्यावर मार्क देतो, बाकीचे निदान कापत नाहीत.

पायरी ७: परत तपासा

पहिल्या पायरीचा कागद जपून ठेवा. इंटर्नशिप संपताना तीच बारा वाक्यं परत भरा, जुना कागद न बघता, खात्रीच्या आकड्यासकट. काही समज परत आलेले असतील, असं होतंच, विशेषतः शाळेतल्या सगळ्यांच्या तोंडी तेच असेल तर. परत आलेल्या वाक्यांपुरती दुसरी पायरी पुन्हा करा. आणि कागदावर सगळं बरोबर आलं तरी थांबू नका, शेवटचे पाच लेसन काढून बघा. त्यात ‘दृक, श्राव्य व कृती गट’ अजून असेल तर ती पानं फाडून ज्युनियरच्या हाती जर्नल द्या, त्याला तेवढीच उतरवायला कमी.